खिडकीच्या गजाला टांगलेली नळी

नामदेवभाऊ गेल्याचं त्यांच्या बायकोनं, सुमनताईंनी, फोनवर सांगितलं तेव्हा मी साइटवर बाथरूमच्या फरशीचा उतार तपासत होते. "मॅडम, ते गेले," एवढंच. मी "कधी?" विचारलं, कशानं ते विचारलं नाही... ते मला ठाऊक होतं. त्याला आता दीड महिना झाला.

ते सिन्नरकडचे, फरशी आणि ग्रॅनाइट कापणारे कारागीर. पाथर्डी फाट्याच्या साइटवर मी नवखी इंजिनीअर होते, तेव्हा त्यांची एक तऱ्हा पाहून मला हसू आलं होतं. दवाखान्यातून मागून आणलेली सलाइनची नळी ते पाण्याच्या बाटलीला जोडत, बाटली खिडकीच्या गजाला टांगत आणि कटरच्या पात्यावर बारीक धार सोडत. धूळ उडायचीच नाही, खाली नुसता राखाडी चिखल. "दगडाला सलाइन लावलंय का?" मी चिडवायचे.

"दगडाला नाय मॅडम, मला," ते म्हणायचे.

एके दिवशी ते पाणी वायरच्या उघड्या जोडापर्यंत पोचलं आणि शेजारच्या गवंड्याला जोराचा शॉक बसला. तो वाचला, पण मी इतकी घाबरले की कटरजवळ पाणी दिसता कामा नये, असं फर्मानच काढलं. नळी मी स्वतः काढून टाकली. नामदेवभाऊ म्हणाले, "पाण्याचा दोष नाय, मॅडम. वायर बदला, करंट उतरला की बंद पडतो तो स्विच लावा. पाणी ऱ्हाऊ द्या."

"बघू," मी म्हटलं. आणि बघितलं नाही. फ्लॅटचा ताबा द्यायची तारीख जवळ आली होती, हे कारण मला पुरेसं वाटलं. पुढची पाच वर्षं, साइटमागून साइट, ते तोंडाला रुमाल बांधून कोरडंच कापत राहिले; संध्याकाळी पापण्या पांढऱ्या झालेल्या असायच्या. एकही अपघात नाही म्हणून कंपनीत माझं कौतुक झालं, आणि मी ते मिरवलंही. आज त्याची लाज वाटते.

आधी खोकला, मग धाप, आणि शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की फुप्फुसात दगडाची भुकटी बसली आहे. हॉस्पिटलमध्ये मी माफी मागायला गेले आणि गोळ्या वेळेवर घ्या, असलं काहीतरी बोलत बसले. त्यांच्या हाताला सलाइन लावलेलं होतं. त्यांनी नळीकडे बोट केलं. "लय चांगली हाय ही..." मधे श्वासासाठी थांबले. "फेकू देऊ नका, मॅडम. साइटवर कामाला येईल."

ती नळी मागायचा मला धीर झाला नाही. पण आता माझ्या साइटवर कटरच्या वायरी उंच टांगलेल्या असतात, प्रत्येकाला तो स्विच असतो आणि खिडकीच्या गजाला बाटली. रोज सकाळी मी स्विचचं टेस्टचं बटण दाबते, खट् करून वीज जाते, मगच काम सुरू होतं. पहिला स्विच बसवला त्या दिवशी मी घड्याळ बघत उभी होते. वायरमनला अर्धा तास लागला.