खाऱ्या भाताची शेवटची मुडी

तक्रारदार: मी, सातवी उत्तीर्ण, बोरिवलीच्या एका सरकारी कचेरीबाहेर टेबल मांडून अर्ज लिहिणारा. ज्याच्याविरुद्ध तक्रार, तोही मीच. नुकसान सोसणारी: गोराई खाडीकाठची एक विधवा शेतकरीण. काळ: ऐंशीच्या दशकातला एक वैशाख. साक्षीदार: तिची सून आणि माझ्या टेबलाशेजारचा चहावाला.

त्या वर्षी सुधारित भाताचे बियाणे फुकट मिळत होते. अट एवढीच, की घरी जुने बियाणे शिल्लक नसावे. तिच्याकडे पेंढ्यात बांधलेली एक मुडी होती, सासऱ्याच्या काळापासून चालत आलेल्या लाल, खाऱ्या भाताची. माझ्या हातून खोटे प्रतिज्ञापत्र कधी गेले नाही, हा माझा लौकिक. मी म्हणालो, "मावशी, आधी ती मुडी सोडा, कांडून खा. मग अंगठा उमटवा."

"अरे भाऊ, ह्यो भात खाऱ्या पान्यात उबा रातो. तुजा सरकारी रातो का?"

"सरकारी आहे. राहील."

चहावाला हसला. "मावशी, रायटरसाहेब बोलले. आता भाताला ऐकावंच लागेल."

तिने भात कांडला. सुनेने मलाही डबाभर शिजवून आणला. मी तो खाल्ला.

नवे भात गुडघ्यावर आले आणि भाद्रपदातल्या उधाणाने बांध फुटून खाडीचे पाणी आत आले. आठ दिवसांत शेत करपले. जुने बी शेजाऱ्यांकडे मागावे, तर त्यांचेही अर्ज मीच लिहिले होते, तेवढ्याच काटेकोरपणे.

पुढे पार्ल्याचे वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक दाखल्यासाठी आले, तेव्हा मी त्यांना विचारले, जुना भात खाऱ्या पाण्यात कसा तगायचा. ते म्हणाले, खारे पाणी दरवर्षी दुबळी रोपे मारत गेले आणि तगलेल्यांचेच बी पुढे पेरले गेले. तो चिवटपणा पिढ्यान्‌पिढ्या दाण्यात उतरला होता, तो कोणालाही मागणीनुसार बनवता येत नाही. जाताना म्हणाले, "तुम्ही डबाभर भात नाही खाल्लात हो. त्या खाडीची सगळी शिकवण खाल्लीत."

जमीन आता पडीक आहे. सून म्हणते, विकून टाका. सासू एका पेरणीपुरती थांबली आहे.

सबब विनंती, की ज्या कोणत्या बियाणे-भांडारात या भाताचा नमुना असेल, त्यांनी तिला मूठभर द्यावा. आणि यापुढे नवे बी वाटण्याआधी जुन्याचा नमुना जपून ठेवण्याची अट घालावी. नमुना नसल्यास तसे लेखी कळवावे. ती दर सोमवारी विचारायला येते, आणि तोंडाने 'नाही' म्हणणे मला अद्याप जमलेले नाही.