बिननंबरचा चष्मा

वहिनी गेल्याची बातमी दादाने फोनवर दिली. तिच्याबद्दलची दुसरी बातमी मात्र मला कोणी दिली नाही, ती तेराव्याच्या सकाळी माझी मलाच कळली. भटजींनी सामानाची यादी माझ्या हातात ठेवली आणि माझी चाळिशी राहिली होती वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या माझ्या फ्लॅटवर. भुईगावच्या माहेरच्या घरात, खिडकीपाशी वहिनीचा चष्मा दिसला तो मी डोळ्यांवर चढवला... अक्षरं होती तशीच पुसट. काच पुसली, यादी लांब धरली, जवळ धरली. मग चष्माच उन्हात धरून पाहिला. साधी काच होती, खिडकीला बसवतात तशी. दादा वाडीत केळीच्या पानांपाशी होता, त्याला तिथेच गाठलं आणि विचारलं, हिचा नंबर किती होता रे? तो पानं मोजत राहिला. मग म्हणाला, "नंबर नव्हताच तिला. तू ज्या डॉक्टरकडं जायचीस ना, तिथं ती तुझ्या आधीपासनं जात होती. आठ वर्षं आधीपासनं. आमची शीतल झाली तेव्हापासनं."

तो डॉक्टर मनाच्या आजारांचा. हे वाक्य आज मी सरळ लिहिते आहे, पण नव्वदच्या दशकात आमच्या घरात ते उच्चारायचीही सोय नव्हती. माझा मुलगा झाला तेव्हा मी बाळंतपणाला माहेरी आले होते. झोप गेली, जेवण गेलं. बाळाला अंघोळ घालायची वेळ आली की आपल्याच हातून काहीतरी होईल या भीतीने मी त्याला जवळ घेईना. आईने दृष्ट काढली, कुणाकडून तरी अंगारा आणला. शेजारच्या फिलोमिना मावशीने चर्चमधलं पवित्र पाणी आणून माझ्या उशाशी शिंपडलं. त्या दोघींची माया खोटी नव्हती, मी मात्र दिवसेंदिवस खंगत चालले होते. एका दुपारी वहिनी माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "हे अंगाऱ्यानं जानारं नाय, बाय. माझ्या म्हाएरच्या एका बाईला असंच झालेलं. बोरिवलीला डॉक्टर हाय, त्याच्या गोळ्यांनी गुन आला तिला. मी नेते तुला. कोनाला सांगू नको." वहिनीचं माहेर खाडीकडचं, भातशेतीच्या गावातलं. तिची बोली लग्नानंतरही तशीच राहिली.

त्या इमारतीत तळमजल्यावर डोळ्यांचा दवाखाना होता आणि हा डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर. गावात सांगितलं, हिचे डोळे बाळंतपणात अधू झाले. खोटं पचावं म्हणून वहिनीने मला खालच्याच दुकानातून बिननंबरचा चष्मा करून दिला. युक्ती तिला इतकी पटकन कशी सुचली, याचं मला तेव्हा कौतुकच वाटलं होतं! दोन वर्षांनी मी बरी झाले, चष्मा सुटला, तर आळीतल्या बायका त्या डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ता विचारायला आल्या. दोघींनी तिथे जाऊन मोतीबिंदू काढून घेतला आणि वहिनीला दुवा दिला. आम्ही दोघी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसलो होतो. आता ते हसू आठवलं की मला राग येतो.

कारण त्या दोन वर्षांतला प्रत्येक फेरा आता मला वेगळा दिसतो. दर खेपेला वहिनी आधी आत जायची. "तुझं सांगून येते," म्हणायची आणि पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर यायची. मी बाकावर बसून मनात जळायची, ही माझ्याबद्दल एवढं काय सांगते? ती माझ्याबद्दल बोलतच नव्हती. तो तिचा नंबर असायचा. आणि ती माहेरची बाई! मी सारखी तिची चौकशी करायचे. कशी आहे गं ती आता? वहिनी चष्मा पुसत सांगायची, "बरी हाय. संसार करते. कधी कधी नुसती बसून राहते, मग उठते परत." मला एकदा भेटव ना तिला, मी गयावया केली होती. त्या काळात मला वाटायचं, सबंध वसईत आपण एकटीच अशी आहोत, आपल्या रक्तातच काहीतरी नासकं आहे. दुसरी एक बाई नुसती डोळ्यांनी दिसली असती तरी मला पुरलं असतं. वहिनी म्हणाली, "कशाला, बाय? तिला आवडनार नाय." ती माझ्याशेजारी, माझ्या मांडीला मांडी लावून बसली होती... आणि नाही म्हणाली.

हे सगळं बोलून मी दादाला विचारलं, का नाही सांगितलं मला? तो म्हणाला, "घरात दोन बायका तसल्या म्हटल्यावर शीतलला सून कोन करून घेनार होतं? मीच शपथ घातली होती तिला." मी म्हटलं, अरे पण मी घरातलीच ना? त्यावर तो म्हणाला, "तू परघरी गेलेली." माझ्या सख्ख्या भावाने माझ्या वडिलांच्या वाडीत उभं राहून मला हे सांगितलं.

बाकीचंही त्याने त्याच दिवशी सांगितलं. आठ महिन्यांपूर्वी शीतलच्या बाळाचं बारसं झालं, तेव्हा तिची सासू आठवडाभर राहायला आली होती. तिच्या नजरेला पडतील म्हणून वहिनीने गोळ्या दडवल्या. घेतल्या नाहीत तरी बरं वाटतंय, म्हणून पुढे सोडूनच दिल्या. मग हळूहळू तिचं जेवण तुटलं, वाडीत जाणं बंद झालं, ओटीवर बसून राहायला लागली. मी रविवारी जायची. वहिनी, बारीक झालीस, छान दिसतेस, असं मी या तोंडाने म्हटलंय. त्या माहेरच्या बाईची चौकशी तर मी कित्येक वर्षांत केली नव्हती. शेवटी अंगात काही उरलंच नाही, न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, आधीची काही औषधं? दादा म्हणाला, काही नाही. आणि मी, शहाणी, पुढे होऊन म्हणाले, "आमची वहिनी साधी डोकेदुखीची गोळी घेत नाही हो." तिने मला खोटी साक्षीदार केलं, हे मी तिला अजून माफ केलेलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी शीतलला सगळं सांगितलं. तीही बाळंतपणापासून नीट झोपत नव्हती, ते दिसत होतं. म्हटलं, या पोरीला तरी अंधारात ठेवायचं नाही. तुझी आई औषध घेत होती, मीही घेतलंय, घाबरू नकोस, मी येते तुझ्याबरोबर. मला वाटलं, ती गळ्यात पडेल. तिने बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"म्हणजे तुम्हाला दोघींना हे माहीत होतं," ती म्हणाली. "आत्या, बारशाला तुम्ही माझ्या एका बाजूला होतात आणि आई दुसऱ्या बाजूला. मी रडत होते. तुम्ही म्हणालात, दूध कमी पडतंय म्हणून होतं असं. आई काहीच नाही बोलली. मला वाटलं, मीच कुठेतरी पागल होतेय."

वहिनीला निदान शपथ घातलेली होती. मला कोणी घातली होती?

शीतल आता डॉक्टरकडे जाते. सासूला तिने स्वतः सांगितलं आणि आभाळ काही कोसळलं नाही. तिच्यासोबत तिचा नवरा असतो. मला तिने बोलावलेलं नाही. मी वहिनीवर हा लेख लिहिते आहे हे कळल्यावर दादाचा फोन आला होता, "तिच्या हातच्या चवीवर लिही, तिच्या मोगऱ्यावर लिही." दादा, मोगरा छानच होता तिचा. पण छापायला द्यायचं की नाही हे मी तुला विचारणार नव्हते. पानं मी जावयाच्या हाती शीतलकडे पाठवली, म्हटलं, तुला नको असेल तर फाडून टाक.

चार दिवसांनी पानं परत आली. सोबत चिठ्ठी नव्हती. स्वतःबद्दलचं तिने काहीच खोडलं नव्हतं. त्या पानांत सुरुवातीला मी एक ओळ घातली होती, सगळेच घालतात तशी, की आमच्या वहिनीचं अल्पशा आजाराने निधन झालं. त्यातल्या 'अल्पशा'वर तिने पेनाने काट मारली होती, इतकी दाबून, की पान तिथे फाटलं होतं.