भ्यालेला वॉलमन

"धर म्हणलं ना."

"न्हाई धरणार."

"रत्ने, उशीर होऊन राहिलाय. बाया टाकीपाशी येऊन बसल्या असतील."

"मग जावा की. गळ्यात घालून जावा. प्यायचं तर त्याच्यादेखत प्या."

हे भांडण मी मधल्या भिंतीतून ऐकलं. भिंत मातीची, त्यामुळं शेजारी काय शिजलं तेही कळायचं आणि काय करपलं तेही. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि पाऊस सलग दुसऱ्या वर्षी फिरकला नव्हता. भांडत होते गुरुलिंगआप्पा आणि त्याची बायको रत्नम्मा. आप्पा माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा, म्हणून मी त्याला अरेतुरे करते. आता तो नाही, तरी सवय जात नाही.

गुरुलिंगआप्पा आमच्या जळकोटचा वॉलमन. टाकीचं पाणी कोणत्या गल्लीला कधी सोडायचं ते त्याच्या हाती. कमरेएवढी लोखंडी चावी खड्ड्यात घालून फिरवली की पाणी सुरू, उलटी फिरवली की बंद. चांगल्या सालात त्याला कुणी ओळखतसुद्धा नव्हतं. दुष्काळात मात्र चार दिवसांनी एकदा पंधरा मिनिटं पाणी, आणि तो गावाचा वैरी झाला. जिल्हा नवा झाला तर पाणीही नवं येईल असं लोकांना वाटलं होतं. आलं काय, तर अर्ज द्यायची कचेरी जवळ आली. सकाळी नळावर भांडायचं आणि दुपारी आप्पाच्या नावानं अर्ज घेऊन लातूरच्या गाडीत बसायचं, हा गावाचा धंदाच झाला.

आप्पा मुळातच हळवा. सकाळी चावी खांद्यावर टाकली की त्याच्या छातीत कुणी घागरी आपटाव्यात तसं व्हायचं. तळहाताला घाम सुटायचा. उंबऱ्याबाहेर टाकलेला पाय तो तीनतीनदा आत घ्यायचा. हे त्यानं पुष्कळ वर्षांनी सांगितलं. तेव्हा सांगणार कुणाला? आमच्याकडं गड्याला ताप येतो, वात येतो, दारूचं व्यसन लागतं. गडी भितो असं कुणी ऐकलेलं नव्हतं.

पहिला घोट त्याला बाजारगल्लीच्या बसलिंगप्पानं पाजला. किराणावाला, बोलायला गूळ. "घे आप्पा, हात थांबत्यात का न्हाई बघ." हात खरंच थांबले. त्या दिवशी बाजारगल्लीला पाणी पाच मिनिटं जास्त आलं. मग दर पाळीला बाटली येऊ लागली. दुसऱ्या गल्ल्याही काही मागं राहिल्या नाहीत. गावानं त्याला पाजलं आणि गावच त्याला बेवडा म्हणू लागलं. आधी तो काम उरकल्यावर प्यायचा, मग कामाआधी, मग तर दात घासायच्या आधी.

आता त्या भांडणाचं सांगते. ही लिंगायत माणसं. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं, ते जिवात जीव असेपर्यंत अंगावरून उतरवत नाहीत. आप्पा कितीही बिघडला तरी लिंग गळ्यात ठेवून दारूला शिवत नव्हता. प्यायच्या आधी डबी काढून रत्नम्माच्या हातात द्यायचा. ती पडली भक्तीण. खुंटीला टांगायचं नाही, भुईवर ठेवायचं नाही, म्हणून डाव्या तळहातावर घेऊन बसायची. तो परत येईतो ना चूल ना झाडू. तो प्यायचा आणि उपास हिला. सहा महिने असं चाललं. आपण धर्म राखतोय असं तिला वाटायचं.

मीच तिला म्हटलं होतं, "अगं, तू हात पुढं करतीस म्हणून त्याचा हात मोकळा होतो." ती माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी ते भांडण ऐकू आलं.

त्या सकाळी आप्पा लिंग गळ्यात घेऊनच गेला आणि न पिता आला. दुसऱ्या दिवशीही प्याला नाही. आम्ही दोघी शहाण्या, खूश झालो. तिसऱ्या दिवशी त्याचं अंग पिंपळाच्या पानासारखं हलायला लागलं. माझी घागर उचलून तो कोरड्या भिंतीखाली धरून बसला. "वैनी, पाणी वाया चाललंय, भरून घ्या," म्हणाला. भिंतीवर पाली सोडून काही नव्हतं. दुपारी डोळे फिरवून ताठ झाला.

पलीकडची उमाबाई आली, लिंबू घेऊनच. "बाहेरचं हाय हे. भगताला बोलवा."

रत्नम्मा पदर खोचत म्हणाली, "लिंग हाय गळ्यात. बाहेरचं शिरल कुठून? जे हाय ते आतलंच हाय." आणि जीप बघायला गेली.

आम्ही दोघींनी त्याला नांदेडला मनाच्या डॉक्टरकडं नेलं. पाच-सहा दिवसांनी तो शुद्धीवर बोलायला लागला, तेव्हा डॉक्टरनं दारू कधीपासून ते विचारलं. ते सगळेच विचारतात. मग विचारलं, "आणि भीती कधीपासून?"

आप्पा भिंतीकडं तोंड करून रडला. लग्नातसुद्धा मी त्याला जेवढं बोलताना ऐकलं नव्हतं, तेवढं त्या दिवशी बोलला.

डॉक्टरनं आम्हालाही चार शब्द सुनावले. अंगाला सवय झालेली दारू घरच्या घरी एकदम तोडायची नसते, जीव जातो. डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडवायची. रत्नम्माचा चेहरा पडला. डॉक्टर तिला म्हणाला, "हात मागं घेतलात ते बरोबरच केलंत. फक्त त्याच दिवशी इकडं आणायला हवं होतं." मग समजावून सांगितलं. दारू भीतीला चार तास दाबते. उतरली की भीती दुप्पट होऊन उभी राहते. मग तिला दाबायला आणखी दारू. आम्ही माना हलवल्या, पण कळलं ते आप्पानं सांगितलं तेव्हा. "वैनी, मोटर चालू ठेवून वॉल बंद केला की पाईप कुठं ना कुठं फुटतोच. आमी नुसत्या वॉलशी भांडून राहिलो होतो. मोटर कुणी बघितलीच न्हाई."

महिन्यानं तो कामावर आला. गोळ्या चालू होत्या, हात अजून कापत होते. चावी काढून घ्यायचं पंचायतीत चाललंच होतं. त्या दिवशी पाळी बाजारगल्लीची. अर्धं गाव तमाशा बघायला जमलेलं. बसलिंगप्पा सदऱ्याखाली बाटली घेऊन पुढं आला.

"आप्पा, अरं हात बघ तुझे. येड्याच्या दवाखान्यात जाऊन आलास, काय फरक पडला? घे जरासं औषध."

आप्पानं दोन्ही हात वर केले, सगळ्यांना दिसतील असे. थरथरत होते.

"बघून घ्या समदे," तो म्हणाला. "हात कापत्यात. भेव वाटतंय मला. तुमचंच वाटतंय. कायम वाटत होतं."

कुणीतरी फिस्सकन हसलं. उमाबाई म्हणाली, "बया, गड्यानं असं बोलावं का चारचौघांत?"

"कामून? प्यालेला वॉलमन चालला तुमाला, भ्यालेला चालंना व्हय?"

मग बसलिंगप्पाकडं वळून म्हणाला, "बसलिंगप्पा, ती बाटली घरी न्या. पाणी पंधरा मिनिटं. सोळावं न्हाई. अर्ज द्यायचा तर दुपारची लातूर गाडी हाय."

पंधरा मिनिटांनी चावी फिरवायला गेला तर हातातून दोनदा सुटली. रत्नम्मा गर्दीतून पुढं आली, तिनं दुसऱ्या बाजूनं धरली. वॉल बंद झाला. अर्ज गेले, तीन का चार. पण बाटलीवर चालणारं पाणी थांबलं तसं मागच्या गल्ल्यांना पुरायला लागलं, आणि मागच्या गल्ल्यांत मतं जास्त. चावी त्याच्याकडंच राहिली.

तो एका दिवसात सुधारला असं लिहिलं तर रत्नम्मा वरून मला शिव्या देईल. दोनदा घसरला. दोन्ही वेळा ती त्याला दुसऱ्याच दिवशी नांदेडच्या गाडीत बसवून घेऊन गेली, गावादेखत, डोक्यावर पदरसुद्धा ओढला नाही. तिसऱ्यांदा घसरला नाही. भीती मात्र शेवटपर्यंत होती. "हाय घरात एक म्हातारी सासू," असं तो त्या भीतीबद्दल म्हणायचा. "तिला जेवायला घालायचं, तिचं ऐकायचं न्हाई."

रिटायर झाल्यावर त्यानं नवंच काम काढलं. त्या डॉक्टरचा वार गुरुवार. दर गुरुवारी गावातलं कुणी ना कुणी थरथरतं माणूस सोबत घेऊन सातच्या गाडीनं नांदेड. उपदेश नाही, शपथ नाही. खिडकीची जागा त्या माणसाला, मुखेडच्या स्टँडवर दोघांत एक चहा.

तो गेला शुक्रवारी, जेवून लवंडला तो उठलाच नाही. त्याच्या आदल्या दिवशी गुरुवार होता.

त्या गुरुवारी सोबत शेषेराव होता, आमच्या गल्लीतल्या सिंधुचा नवरा, टेम्पो चालवायचा. स्टँडवर पानवाला ओरडला, "काय आप्पा, आज कुणाला नेऊन राहिलाव येड्याच्या दवाखान्यात?"

"ह्याला. आन मला बी. तुला यायचं का? मागं शिटं रिकामी हायत."

संध्याकाळी पाचला दोघं परतले. आप्पानं शेषेरावला दारापर्यंत आणून सोडलं. मी सिंधुच्या ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. त्यानं गोळ्यांची पुडी सिंधुच्या हातात दिली. "जेवल्यावर एक. वरडू नको त्याला, आन झाकू बी नको."

सिंधु दबक्या आवाजात म्हणाली, "आप्पा, कुणी विचारलं तर काय सांगू?"

"सांग की, भेव वाटतंय, दाखवायला नेलं होतं." त्यानं माझ्या सुपातल्या चार शेंगा उचलल्या, चपला झटकल्या. "पुढच्या गुरुवारी सातची गाडी. साडेसहाला स्टँडवर या, खिडकी मिळत न्हाई मग."