शरणप्पाची येळवस

दिनांक ४ डिसेंबर १९४३ रोजी लोहाऱ्याच्या शरणप्पा मापाड्यानं रुपये एकशे सदतीस, आणे आठ, निजामी हाली सिक्का, इतक्या रकमेला महांतप्पा सावकाराची वीस गुंठे जमीन घेतली. ती माळावर होती. तिच्यात दगड होते. महांतप्पाच्या आजोबांनी एकदा तिथं हुलगे पेरून पाहिले होते, आणि जेवढे पेरले त्याहून थोडे कमी निघाले होते. हे सगळ्या गावाला माहीत होतं. शरणप्पालाही माहीत होतं, कारण ते हुलगे कसे मोजले गेले त्याची गोष्ट बाजारात अजून सांगत.

शरणप्पा वीस-एकवीसच्या दुष्काळात आळंदकडून लोहाऱ्याला आला. तेव्हा अंगावर एक धोतर होतं आणि तोंडात कानडी. आठवडी बाजारात धान्य मोजायचं काम त्याला मिळालं. मापाडी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन असं मोजता मोजता त्याला मराठी आली. लग्न झालं, शिवम्मा आली, पत्र्याची दोन खणांची खोली झाली. शेत तेवढं झालं नाही, आणि त्याचं त्याला दुःखही नव्हतं. दुःख व्हायचं ते वर्षातून एकदा, येळवशीला.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी या भागात कोणी घरी जेवत नाही. ज्याचं शेत आहे तो भल्या सकाळी आंबिलीचं बिंदगं, भज्जी, बाजरीचे उंडे आणि गव्हाची खीर घेऊन शेतात जातो. कडब्याची कोप उभी करतो, तिच्यात पाच दगड पांडव म्हणून पुजतो आणि बांधावरून जो दिसेल त्याला हाक मारतो. ज्याला शेत नाही त्यानं हाकेला जायचं. हाक नाकारायची नाही.

गावात आला त्याच वर्षीच्या येळवशीला शरणप्पा भाड्याच्या खोलीच्या दारात बसला होता. शेजारची कडूबाई डोईवर दुरडी घेऊन निघाली होती. ती म्हणाली, "शेत न्हाय म्हणून उपाशी बसतोस व्हय रे? ऊठ." तो उठला. तिच्या शेतात जेवला. तिथून पुढच्या बांधावरून हाक आली, तिथं जेवला. त्या दिवसापासून बावीस वर्षं तो येळवशीला गावची शिवारं पालथी घालत होता. सुरुवात कडूबाईच्या शेतापासून, शेवट दिवस मावळेल तिथं. पाचव्या कोपीपाशी त्याचं पोट भरलेलं असायचं, पण त्यानं कुणालाही पुरे म्हटलं नाही.

बेचाळीसच्या येळवशीला रामकिसन पाटलाच्या शेतात तो खिरीची तिसरी वाटी संपवत होता. रामकिसन चेष्टेखोर माणूस. त्यानं चारचौघांत विचारलं, "काय शरणप्पा, तुमच्या शेतात कवा बोलावताय आमाला?"

सगळे हसले. शरणप्पाही हसला. वाटी संपवून तो घरी आला आणि शिवम्माला म्हणाला, "शेत घ्यायचं."

"पिकवायला?"

"न्हाय. जेवायला घालायला."

शिवम्मानं त्याच्याकडं नीट पाहिलं. मग आपल्या पाटल्या काढून ठेवल्या.

कागद झाल्यावर शरणप्पा दारोदार गेला. "यंदा येळवशीला आमच्याकडं यायचं," म्हणाला. सगळे म्हणाले, "येतो की." कडूबाईच्या घरी तो दोनदा गेला.

"आक्का, तुम्ही तर यायलाच पायजे. तुमच्यासाठीच घेतलंय म्हणा की."

"येते की रे," कडूबाई म्हणाली. "माळावर घेतलंस व्हय? बरं केलंस. पाखरांचा तरास न्हाय."

येळवशीला मठाची मोठी डेग मागून आणली. कोपीला कडबा कडूबाईचा नवरा दगडोबा यानं दिला, कारण शरणप्पाच्या शेतात उभं असं काही नव्हतं. पांडव मांडायला दगड शोधावे लागले नाहीत. शंभर कौरवही मांडता आले असते. दिवा लागला, नैवेद्य झाला आणि शरणप्पा बांधावर पळी घेऊन उभा राहिला.

माळ उंचावर असल्यानं तिथून सगळं शिवार दिसत होतं. शेताशेतात कोपी होत्या, माणसं होती, हसण्याचा आवाज वर येत होता. माळाकडं कोणी येत नव्हतं. शरणप्पानं हाका मारल्या. माणसांनी खालून हात हलवले आणि उलट त्यालाच बोलावलं.

सूर्य डोक्यावरून कलला तेव्हा शिवम्मा म्हणाली, "तुम्ही आता खाली का जात न्हाय?"

"आपलं शेत सोडून कसा जाऊ?"

"मग ते कसे सोडतील?"

शरणप्पानं पळी डेगीत ठेवली. बावीस वर्षं त्याला सगळीकडं जाता आलं, ते त्याला शेत नव्हतं म्हणून. ही गोष्ट जमीन घेताना त्याच्या ध्यानात आली नव्हती. सावकाराच्या ध्यानात आली असावी, पण ती कागदात लिहायची पद्धत नाही.

तिकडं खाली वेगळीच पंचाईत झाली होती. प्रत्येक कोपीत शरणप्पाचा वाटा झाकून ठेवलेला होता आणि तो आला नव्हता. पहिल्यांदा कडूबाईनंच दगडोबाला उठवलं. "जा, त्याचं त्याला देऊन या. शेत घेतलं म्हणून त्याचं पोट कुठं गेलं?"

दगडोबा निघालेला बघून रामकिसन निघाला. त्याला बघून बाकीचे निघाले. पांडवांपुढचा दिवा घरच्या बाईनं सोडायचा नसतो, म्हणून बायकांना दिव्यापाशी बसवून गडी माळ चढले. प्रत्येकाच्या हातात शरणप्पाची आंबील होती. बघता बघता कोपीच्या सावलीतली सगळी जागा भांड्यांनी भरली. जेवायला घालण्यासाठी ज्यानं शेत घेतलं, त्याच्यापुढं गावाचं जेवण येऊन पडलं आणि त्याची डेग तशीच काठोकाठ राहिली.

"बसा," शरणप्पा म्हणाला.

"आता पोटात जागा न्हाय बाबा," रामकिसन म्हणाला. "आत्ताच जेवलोय."

"पाटील, तुमच्या शेतात मी यायचो तेव्हा आधी चार ठिकाणी जेवलेला असायचो. खिरीच्या तीन वाट्या खाल्ल्या. म्हणालो का मी, जागा न्हाय?"

रामकिसननं दगडोबाकडं पाहिलं. दगडोबानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि मांडी घातली. मग सगळेच बसले. शरणप्पानं पळी उचलली आणि सवयीनं मोठ्यानं मोजू लागला, "लाभ, दोन, तीन." कोणी पुरे म्हणालं की तो ऐकू न आल्यासारखं करी. रामकिसनला त्यानं खिरीची चौथी वाटी वाढली. रामकिसन उठताना दोघांचा आधार घेऊन उठला आणि पुढं कधी चेष्टेच्या वाटेला गेला नाही.

डेग खरवडून झाली तेव्हा दगडोबा म्हणाला, "हिच्यासाठी वाटीभर दे. नेतो."

"न्हाय," शरणप्पा म्हणाला. "शेतातलं शेतात. आक्कांनी इथं येऊन खायचं."

पुढच्या वर्षी कडूबाईला दिवा सोडता आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. सुनेला बसवून येते म्हणाली, तर सून बाळंत झाली. सत्तेचाळीसला रझाकारांच्या भीतीनं निम्मं गाव निजामाच्या हद्दीपलीकडं सोलापूरच्या बाजूला होतं, तिथं कोणाचंच शेत नव्हतं. शरणप्पानं एकदा येळवशीनंतर दुसऱ्या दिवशी बोलावून पाहिलं. "दुसऱ्या दिवशी येळवस व्हय रे?" कडूबाई म्हणाली, आणि तिचं बरोबर होतं.

एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात शरणप्पा वारला. माती त्याच माळावर झाली. खड्डा खणायला दगडांमुळं फार वेळ लागला. शेत शिवम्माच्या नावावर आहे, ती दर येळवशीला कोप करते आणि गडीमाणसं भरल्या पोटानं वर जातात.

कडूबाईचं एक जेवण बाकी आहे.