सायंकाळी कोण जितलं?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार आणि तिसऱ्या दिवशी शाळा. त्या तिसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात इतिहास शिकवायचा म्हणजे डोकेफोडच. वर्गातल्या निम्म्या पोरांच्या कपाळाला पट्टी आणि उरलेल्या निम्म्यांना आपल्याला पट्टी नाही याचं दुःख. मी सौसरहून बसनं यायचे. बसमध्ये धूळ खाऊन, उभं राहून आलेल्या बाईला असा वर्ग समोर दिसला की तिचं जे व्हायचं तेच माझं व्हायचं. माझा स्वभाव तसाही तापट, हे सासरी आणि शाळेत दोन्हीकडं सर्वांना ठाऊक होतं.

गोटमार ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जाम नदीच्या अलीकडं पांढुर्णा, पलीकडं सावरगाव. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि दिवसभर दोन्ही काठांवरून माणसं एकमेकांना दगड मारतात. खरेखुरे दगड, खरीखुरी डोकी. झेंडा तोडून आणला की खेळ संपला. मग हातातला गोटा तिथंच टाकायचा आणि चंडीमातेच्या देवळात जायचं. दोन्ही गावांत सोयरिकी इतक्या, की दुसऱ्या दिवशी या काठचा मामा त्या काठच्या भाच्याची जखम पाहायला जातो आणि चहा पिऊन येतो. हे बरं की वाईट, यावर मी शाळेत कधी बोलले नाही. सौसरच्या सुनेनं त्यात बोलू नये, असं मला पहिल्याच वर्षी समजावून सांगण्यात आलं होतं.

जखमींना दवाखान्यात नेण्याचं काम एका सरदारजींकडं असे. बसस्टँडजवळ त्यांचं टायरचं दुकान होतं. संत्र्याचे ट्रक त्यांच्याकडंच थांबत. गोटमारीच्या दिवशी ते दुकान बंद ठेवून आपला टेम्पो पुलाशी उभा करत आणि दोन्ही गावांची फुटलेली डोकी नेत. पांढुर्ण्याचा जखमी सावरगाववाल्याच्या गाडीत बसला तर घरी त्याला चार गोष्टी ऐकून घ्याव्या लागत. सरदारजींच्या टेम्पोत कोणीही बसे. ते ना या काठचे, ना त्या काठचे, म्हणून सगळ्यांचे. त्यांची मुलगी माझ्या दहावीच्या वर्गात होती. अभ्यासात मध्यम, अक्षर सुरेख, आणि बोलणं आमच्यापेक्षा अस्सल वऱ्हाडी.

चौऱ्याऐंशी साली पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी मी दुसरं महायुद्ध शिकवायला घेतलं. पाठ्यपुस्तकात परकीय सैन्यानं व्यापलेल्या देशांबद्दल जेमतेम चार ओळी होत्या. त्या वाचून मला राग यायचा. लाखो माणसं मेली आणि त्यांच्या वाट्याला चार ओळी, त्याही परीक्षेला न येणाऱ्या. मी नागपूरहून एक जाडजूड पुस्तक आणवलं होतं. त्यातून पोलंड शिकवायला लागले.

एका बाजूनं जर्मन शिरले, दुसऱ्या बाजूनं रशियन. देश मधून फाडला. शाळा बंद केल्या, मास्तरांना धरून नेलं, लोकांचे रेडिओ काढून घेतले. एका धर्माच्या माणसांना दंडावर पट्टी बांधायला लावली, मग त्यांच्या दुकानांवर खुणा केल्या, मग त्यांना घरांतून बाहेर काढलं, आणि मग मारलं. मी सगळं क्रमानं सांगत होते. क्रम महत्त्वाचा, हे मी फळ्यावरही लिहिलं. मारणं सगळ्यात शेवटी येतं, त्याआधी फार साध्या गोष्टी होतात, हे पोरांना कळावं एवढीच माझी इच्छा होती.

वर्ग चक्क ऐकत होता. एकानं मध्येच विचारलं, "म्हणजे पोलंड हे पळसाचं झाड होय का, बाई?" मला हसू आलं, पण मी म्हटलं, हो, तसंच समज.

तिथंच चुकलं. मागच्या बाकावर सावरगावचा एक पोरगा बसायचा, खांद्यानं रुंद, भुवईवर ताजी पट्टी. तो उभा राहिला आणि अगदी मनापासून म्हणाला, "बाई, मंग सायंकाळी कोण जितलं?"

मी कपाळाला हात लावला. इतका वेळ मी माणसांच्या छळाबद्दल बोलत होते आणि या पोरांच्या डोळ्यांपुढं गोटमार चालली होती. दोन काठ, दोन्हीकडं गोटे, झेंडा, आणि सायंकाळी चहा. मी चिडून म्हटलं, "अरे, तिथं एकाच बाजूच्या हातात गोटे होते. समोरच्याच्या हातात काहीच नव्हतं. आणि सायंकाळ झालीच नाही. कितीतरी वर्षं झाली नाही."

पोरगा बसला नाही. "समोरून कोणीच नाही? मंग त्याले खेळ कसा म्हणाव?"

"खेळ नव्हताच तो!"

"अन् बाकीचे लोक?"

"बाकीचे खिडक्या लावून बसले."

तो खाली बसला, पण त्याला ते पटलं नव्हतं. क्रौर्याचं त्याला फारसं काही वाटलं नसावं. नियम मोडला होता, हे त्याला खटकलं होतं. मला मात्र वाटलं, झाली मेहनत पाण्यात. हेडमास्तरांनी नंतर मला बोलावून विचारलंच, "परीक्षेत महायुद्धावर एखादा प्रश्न येते, अन् तुम्ही आठवडाभर पोलंड कायले शिकवून राहिल्या?" मी म्हटलं, शिकवून होतच नाहीये, म्हणून.

दिवाळीनंतर लगेच दिल्लीत पंतप्रधानांची हत्या झाली. मारणारे शीख होते. दिल्लीत काय सुरू झालं ते रेडिओवर धड कळत नव्हतं, आणि जे कळत होतं त्याच्या दुप्पट बसस्टँडवर बोललं जात होतं. त्यात संत्रा घेऊन दिल्लीला गेलेला इथला एक ट्रक परतला नव्हता. कोणी म्हणे शिखांनी जाळला, कोणी म्हणे ड्रायव्हरला कापलं. सरदारजींनी दुकान बंद केलं. दुकानाच्या मागेच त्यांचं घर होतं. मुलगी शाळेत येईना. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीनं आपलं दप्तर दुसऱ्या बाकावर नेलं. मी विचारलं तर म्हणाली, आईनं सांगितलं. मी तिला पुन्हा जागेवर बसवलं. पण रिकाम्या जागेच्या शेजारी बसवून काय होणार होतं?

त्याच आठवड्यात एका सकाळी मी बसमधून उतरले तर दुकानासमोर घोळका. ओळखीची माणसं. एरवी मला पाहून "बाई, नमस्कार" म्हणणारी. पांढुर्ण्याचे होते आणि सावरगावचेही होते. दोन्ही गावं एकाच काठावर उभी असलेली मी पहिल्यांदा पाहिली. शटरवर एक दगड लागला, मग दुसरा. आतून काही आवाज नव्हता. दुकानाच्या वरच्या बाजूला एक लहान खिडकी होती, तीही बंद.

माझे हातपाय गार पडले, हे खरं. पण जीभ गार पडत नाही माझी. मी घोळक्यात शिरले आणि ज्यांना शिकवलं होतं त्यांना नावानिशी हाका मारून घरी जायला सांगू लागले. काहींनी खाली पाहिलं. एकजण म्हणाला, "बाई, तुम्ही सौसरच्या. तुम्ही यात पडू नका." आणखी कोणी हसलं. माझं बोलणं कोणाच्या अंगाला लागत नव्हतं.

तेवढ्यात तो सावरगावचा पोरगा घोळक्यातून पुढं आला. त्याच्या हातात गोटा होता. मला वाटलं, संपलं. आपल्या वर्गातला पोरगा आपल्या डोळ्यांदेखत दगड मारणार, यापेक्षा वाईट मास्तरणीचं काय होणार! तो सरळ शटरपाशी गेला, वळला आणि पाठ शटरला लावून आमच्याकडं तोंड करून उभा राहिला.

"तिकडून का करून राहिला बे?" त्याच्या काकानं विचारलं. काका घोळक्यातच होता.

"इकून कोणीच नाही ना," पोरगा म्हणाला. "एकाच बाजूनं होते का गोटमार? मी इकून आहो. मारा आता."

त्यानं हातातला गोटा तोलून पाहिला, दर वर्षी काठावर पाहतात तसा. घोळक्यात कुजबुज झाली. मग माझ्या वर्गातले अजून दोघं-तिघं गेले, त्यातले पांढुर्ण्याचे आणि सावरगावचे असे मिसळून. ते त्याच्या शेजारी उभे राहिले. एकानं खाली वाकून दगड गोळा करायलाही सुरुवात केली. मी पोलंड शिकवला होता, आणि पोरं गोटमार खेळायला निघाली होती. आयुष्यात पहिल्यांदा मला गप्प राहावंसं वाटलं.

काकानं दोन शिव्या दिल्या आणि हातातला दगड टाकला. समोर स्वतःचा पुतण्या उभा असताना मारणार कोणाला? वर्षातला गोटमारीचा एक दिवस सोडून अशी हिंमत कोणात नव्हती. लोक पांगले. ट्रक नंतर परत आला, ड्रायव्हर धडधाकट. दिल्लीत वाट बंद होती म्हणून अडकला होता.

सरदारजींची मुलगी शाळेत आली. तिच्या शेजारणीनं न सांगता दप्तर सरकवून तिला जागा करून दिली. पोलंडचा धडा मी पुन्हा घेतला नाही, आणि तिनंही त्याबद्दल कधी विचारलं नाही. एकदा मी दुकानात गेले तेव्हा तिचे वडील म्हणाले, "बहेनजी, बच्चे अच्छे हैं आपके." आणि मग जरा थांबून म्हणाले, "लेकिन पत्थर तो उनके हाथ में भी था."

मुलीची परीक्षा होईपर्यंत ते थांबले. उन्हाळ्यात कुटुंब पंजाबला गेलं. कोणी त्यांना घालवलं नाही, असं गावात सगळे सांगत, आणि ते खोटं नव्हतं. कोणी त्यांना राहा म्हटलं नाही, हेही खोटं नव्हतं.

पुढच्या गोटमारीला मी सौसरला थांबले नाही, पांढुर्ण्याला गेले. दुपारी सावरगावच्या काठावर त्या पोराच्या काकाच्या डोक्याला गोटा लागला. रक्त थांबेना. पोरानं आणि आणखी तिघांनी काकाला उचललं आणि ते पूल ओलांडून पळत सुटले. पुलाशी दर वर्षी उभा असणारा टेम्पो नव्हता. वाटेत लोकांनी त्यांना जागा करून दिली. मीही मागून निघाले. ते सवयीनं थेट बसस्टँडजवळच्या सरदारजींच्या दुकानासमोर येऊन थांबले आणि पोरगा जोरजोरात शटर ठोकू लागला.

शटरला कुलूप होतं. त्यानं ते हातात धरलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "बाई, आता कोणाच्या गाडीत न्याव?"