मावशींच्या लखलखीत बाटल्या

आमच्या प्रयोगशाळेत काचसामान धुणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून डाग राहिलेली बाटली बाहेर गेली नाही. "मावशींच्या बाटलीत बघून भांग पाडावा," असं मुली म्हणत. मी भांडार सांभाळतो. हातमोजे न्यायला आल्या की त्या माझ्याकडे घटकाभर टेकत.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमचं काम माणसाच्या रक्तात राहणाऱ्या एका परजीवी जंतूवर होतं. फॉस्फेट मिळालं की हा जंतू त्याचे कण एकाला एक जोडून लांब साखळ्या करतो, पेशीतल्या बारीक पिशव्यांत साठवतो आणि उपासमारीत त्यावर तग धरतो. तो उपाशी किती दिवसांत मरतो हे बघायला मॅडमनी त्याला फॉस्फेटविना ठेवलं होतं. त्या बाटल्या फक्त ॲसिडने धुवायच्या, साबण लावायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. साबणात फॉस्फेट असतं.

बाराव्या दिवशी त्यातली एक बाटली निर्जंतुक करायला वाफेच्या भट्टीकडे नेताना मावशींच्या हातात तडकली. बोट कापलं. "मेलेलेच तर होते," म्हणत त्यांनी पट्टी बांधली, वर मोजा चढवला.

पुढच्या आठवड्यात मी सही घ्यायला गेलो, तेव्हा मॅडम उरलेल्या बाटल्यांतले जंतू रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होत्या.

"मेलेत कसले! पिशव्या पिवळ्या-हिरव्या चमकताहेत. कोठारं भरून बसलेत. यांना खायला घातलं कोणी?"

दारात मावशी उभ्या होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ॲसिडने हात सोलवटतात हो, भाऊ. महिनाभर साबणच लावत होते. चांगलं विसळलं होतं."

"बोट दाखवा."

"काही झालं नाही. नोकरीची दोन वर्षं राहिलीत माझी. कळलं तर घरी बसवतील."

"आणि आत शिरलेले जंतू घरी जातील का? औषध लवकर मिळालं तरच लागू पडतं, हे तुम्हीच मला सांगितलंय."

त्यांनी मोजा काढला. जखम भरली होती. तिच्याशेजारी वाटाण्याएवढी लाल, टणक गाठ होती. "दुखत नाही मुळीच," त्या म्हणाल्या. हा जंतू कातडीतून शिरला की अशीच टणक गाठ येते, हे भांडारातल्या सूचनाफलकावर लिहिलेलं होतं.

आत जाऊन मावशींनी साबणापासून सगळं सांगितलं. मॅडमनी आधी गाठ चाचपली.

"ताप?"

"कालपासून. जरासाच."

मॅडमनी रुग्णालयात फोन लावला. "जंतूची लागण दिसतेय, औषध तयार ठेवा, मी त्यांना घेऊन निघालेच."