सेवेला आलेले पाहुणे

परदेशी पाहुणे येऊन गेले की आमच्या बालगृहात दोन गोष्टी मागं उरतात: अर्धे संपलेले रंगाचे डबे आणि किस्से. डब्यांमध्ये आमच्या स्वयंपाकाच्या शांतामावशी कोथिंबीर लावतात. किस्से मात्र माझ्याकडं पडून राहतात. पाहुण्यांचं मुलींना आणि मुलींचं पाहुण्यांना सांगणारी मी एकटीच ना! दोन्हीकडचं बोलणं मधल्या माणसाच्या पोटात साठत जातं. कधीतरी ते बाहेर काढावंच लागतं.

आमचं बालगृह तामलवाडी गावाच्या अलीकडं. ट्रस्ट ख्रिस्ती, मुली सगळ्या जातीधर्मांच्या, बहुतेकींचे आईबाप हंगामाला ऊसतोडीवर जाणारे. मी बौद्ध, एमएसडब्ल्यू झालेली, इथली वॉर्डन. दर जूनमध्ये अमेरिकेतल्या एका चर्चचा ग्रुप आठवडाभर आमच्याकडं सेवेला येतो. यंदाच्या ग्रुपच्या प्रमुख होत्या लिंडाबाई. रिटायर्ड शिक्षिका, मऊ आवाजाच्या, कशानंही डोळ्यांत पाणी येणाऱ्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "तू कुठल्या चर्चला जातेस?"

"कुठल्याच नाही. मी बौद्ध आहे."

"मग आमच्या प्रार्थनेच्या वेळी तू काय करतेस?"

"भाषांतर."

त्यानंही त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

*

सेवा करायची तर काहीतरी काम लागतं. आमच्याकडं ते काम म्हणजे जेवणाच्या हॉलची भिंत.

दर वर्षीचा ग्रुप त्या भिंतीवर चित्र काढतो. आणि दर वर्षी ग्रुप यायच्या आठवडाभर आधी सॅमसनकाका त्या चित्रावर पांढरा रंग मारून घेतात. सॅमसनकाका म्हणजे आमच्या ट्रस्टचे सेक्रेटरी, रिटायर्ड हेडमास्तर. शाळेतून निवृत्त झाले. मास्तरकीतून अजून नाही.

मी एकदा म्हटलं, "काका, चांगलं चित्र आहे की. कशाला पुसताय?"

"अगं, एवढ्या लांबनं माणसं येतात. त्यांना रिकामी भिंत नको का द्यायला?"

यंदा घाईत रंग पातळ लागला. लिंडाबाईंच्या माणसांनी नोहाचं तारू, म्हणजे बायबलातलं प्राण्यांनी भरलेलं जहाज, काढायला घेतलं, तर दुसरीतली छकुली बराच वेळ कंबरेवर हात ठेवून बघत उभी राहिली. शेवटी तिच्यानं राहवेना.

"हत्ती तिकडं न्हाय, ह्या बाजूला असतो," ती म्हणाली. "मागच्यांनी पण पयलं चुकीवलं होतं."

लिंडाबाईंनी माझ्याकडं बघितलं. काकांनीही बघितलं, जरा वेगळ्या नजरेनं.

"तिला हत्ती फार आवडतो," मी सांगितलं.

हत्ती ह्या बाजूला काढला गेला. जुन्या हत्तीच्या बरोब्बर वर!

*

काकांचा एक कायदा आहे: पाहुण्यांकडं काही मागायचं नाही. मुलींनी मागितलं, तरी माझ्या भाषांतरातून ते पलीकडं जाता कामा नये.

दुसराही कायदा आहे. मुलींना इथं दहावीपर्यंतच ठेवायचं. दहावी झाली की पेटी उचलायची.

यंदा ह्या दुसऱ्या कायद्यात मनीषा अडकली होती. बेंबळीकडची. फर्स्ट क्लासनं पास झालेली आणि अकरावी सायन्सला जायचं म्हणून हट्टाला पेटलेली. घरी गेली असती, तर दिवाळीच्या आत आईबापासोबत फडावर, नाहीतर मामानं बघून ठेवलेल्या पोराच्या घरी. इतर मुलींची शाळा सुरू झाली होती, आणि ही मामा न्यायला येईपर्यंत तात्पुरती राहत होती. मामा येणार होता रविवारी. पाहुणे जाणार त्याच दिवशी.

मी काकांच्या ऑफिसात गेले. "काका, हिला अजून दोन वर्षं ठेवा."

"नियम आहे."

"कुणी केला?"

"कमिटीनं."

"कमिटीत कोण कोण आहे?"

काकांनी जरा विचार केला. "मी. एक डॉक्टरसाहेब, ते मुलाकडं पुण्याला असतात. आणि एक जण वारले."

"म्हणजे तुम्हीच की!"

"मोठ्यांशी बोलायची पद्धत असते, पोरी." त्यांनी चष्मा वर सरकवला. "आज हिला ठेवली, तर उद्या सगळ्याच थांबतो म्हणतील."

"थांबू द्या ना. पळून जातो म्हणण्यापेक्षा बरं."

काकांनी मला भिंतीचा रंग वाळला का ते बघायला पाठवलं.

*

तिसऱ्या दिवशी लिंडाबाईंनी सांगितलं, "आज आम्ही मुलींचे पाय धुणार."

त्यांच्यात ती फार मोठी गोष्ट असते. येशूनं शिष्यांचे पाय धुतले होते. मोठ्यानं लहानापुढं वाकायचं, ही त्यातली शिकवण. हे सगळं मी मुलींना नीट समजावून सांगितलं. मुली ऐकून घाबरल्या. आमच्याकडं असे पाट मांडून, पाण्याचं भांडं घेऊन पाय धुतात ते लग्नात!

छकुली रडवेली झाली. "ताई, माझं लगीन लावायलेत का?"

तिची समजूत घातली. मग दुसराच घोळ झाला. आजीच्या वयाची बाई आपल्या पायाला हात लावते, म्हणजे केवढं पाप! प्रत्येक मुलगी पाय धुऊन झाल्यावर उठायची, लिंडाबाईंना धरून पाटावर बसवायची आणि त्यांचे पाय धुवायची. लिंडाबाई रडायच्या, परत खाली बसायच्या, पुढची मुलगी यायची. लिंडाबाईंचे पाय इतक्या वेळा धुतले गेले, की बोटांना सुरकुत्या पडल्या.

शांतामावशी दारातून ओरडल्या, "टाकी खाली झाली! आता भांडी काय तुमच्या प्रेमानं घासू?"

मनीषा एकटीच पाटाजवळ आली नाही. लिंडाबाईंनी हात पुढं केला, तर मागं सरकली. "मला नगं म्हणावं, ताई. माझे पाय धुवायला मामा टपूनच बसलाय."

मी भाषांतर केलं, "तिचे पाय स्वच्छ आहेत." दुसरं काय सांगणार?

*

पाहुण्यांना आमच्याकडची सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे सकाळची गाणी. मुली आंघोळीला जायच्या तेव्हा मोठ्यांदा गाणी म्हणायच्या. व्हरांड्यात कॉफी पिता पिता लिंडाबाई डोळे मिटून ऐकत बसायच्या.

"किती आनंदी आहेत ह्या! काहीही नसताना केवढा आनंद! आमच्याकडची मुलं अशी गातच नाहीत."

काका खुशीत म्हणायचे, "संस्कार!"

दोन दिवस मी गप्प बसले. तिसऱ्या सकाळी लिंडाबाईंनी सरळ मलाच विचारलं, "ह्या एवढ्या का गातात गं?"

"बाथरूमच्या दाराला आतून कडी नाही," मी सांगितलं. "आत कुणीतरी आहे हे बाहेर कळावं म्हणून गातात."

लिंडाबाईंनी कॉफीचा कप खाली ठेवला. त्यांच्यात स्टीव्ह नावाचा एक उंच माणूस होता. तिकडं तो सुतारकाम करायचा, आणि इथं त्याला पुठ्ठ्याचे देवदूत कापायला बसवलं होतं. तो उठला, रिक्षात बसून तामलवाडीला गेला. दुपारपर्यंत सगळ्या दारांना कड्या लागल्या. आठवडाभरात त्या माणसाला हसताना मी तेव्हाच पाहिलं.

काकांनी मला बाजूला घेतलं. "मागायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"मी मागितलं नाही, काका. त्यांनी विचारलं, मी सांगितलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळीकडं चिडीचूप. मुली निवांत आंघोळ करत होत्या. लिंडाबाई काळजीत पडल्या. "आज गात का नाहीत? कुणी काही बोललं का त्यांना?"

*

मनीषानं पेटी भरायला घेतलेली लिंडाबाईंनी बघितली. त्यांना वाटलं, पोरगी सुट्टीला चालली.

"घरी जायचं! मजा आहे! घरी गेल्यावर सगळ्यात आधी काय करणार?"

"भाकरी."

"कुणासाठी?"

"सगळ्यांसाठी."

"कित्ती गोड! मीसुद्धा घरी गेले की पहिल्यांदा ब्रेड भाजते."

ह्याचं भाषांतर मी मनीषाला करून सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही.

*

रोज संध्याकाळी पाहुणे गोल करून बसायचे आणि एकेका मुलीला विचारायचे, "तुझ्यासाठी कशाची प्रार्थना करू?" मुलीनं सांगायचं, मी इंग्रजीत सांगायचं, मग त्यांनी डोळे मिटायचे.

काकांनी मला आधीच ताकीद दिली होती. मुली काहीही म्हणोत, भाषांतर एकच: चांगलं आरोग्य आणि अभ्यास. पहिले दोन-तीन दिवस मी तसंच केलं. लिंडाबाईंना वाटलं असेल, ह्या मुली अभ्यासाशिवाय दुसरा विचारच करत नाहीत! कड्यांच्या प्रकरणानंतर मात्र मी ठरवलं, जे म्हणतील ते जसंच्या तसं.

त्या संध्याकाळी छकुलीचा नंबर आला. "वांगं बंद व्हावं," ती म्हणाली.

मी जसंच्या तसं सांगितलं. लिंडाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गंभीरपणे, मनापासून, देवाला विनवलं की ह्या लेकराच्या ताटातलं वांगं दूर कर. सगळ्यांनी आमेन म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ताटात पिठलं!

मुलींचा विश्वासच बसेना. छकुली धावत मावशीकडं गेली. "मावशी, देवानं ऐकलं!"

"देव कशाला ऐकतोय," मावशी पिठलं वाढता वाढता म्हणाल्या. "म्या ऐकलं दाराआडनं. वांग्याला नावं ठेवती भवानी!"

*

शेवटची संध्याकाळ शनिवारची. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांची गाडी आणि दहाच्या एसटीनं मनीषाचा मामा.

लिंडाबाई म्हणाल्या, "आठवडाभर आम्ही प्रार्थना केली. आज इथल्या वडीलधाऱ्यांनी करावी. मुलींनी सांगायचं आणि ब्रदर सॅमसननी मराठीत मागायचं."

काकांना असला मान फार आवडतो. त्यांची प्रार्थना अख्ख्या तालुक्यात नावाजलेली, लांबीसाठी. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि उभे राहिले. दोन-तीन मुली झाल्या. आरोग्य झालं, अभ्यास झाला, कुणाच्या तरी शेळीचा पाय झाला.

मग मनीषा उठली.

"मला अकरावी सायन्स करायचंय," ती म्हणाली. "मला घरी जायचं न्हाय."

मी लगेच इंग्रजीत सांगितलं, मोठ्यांदा, एकही शब्द न गाळता. काकांनी माझ्याकडं जे बघितलं, ते मी आयुष्यभर विसरणार नाही. पण तोवर सगळ्या पाहुण्यांनी डोळे मिटले होते. लिंडाबाई काकांच्या शेजारी मान खाली घालून, हात जोडून उभ्या होत्या.

काकांनीही डोळे मिटले.

"हे दयाळू बापा," त्यांनी सुरुवात केली. पाहुण्यांसाठी आभार मानले. त्यांच्या विमानासाठी मागितलं. भिंतीसाठी, पाण्यासाठी, ट्रस्टसाठी मागितलं. वारलेल्या कमिटी मेंबरच्या कुटुंबासाठीसुद्धा मागितलं. मी एकेक वाक्य इंग्रजीत करत होते. कुणी डोळे उघडत नव्हतं.

"आणि बापा, ही मनीषा..." काका थांबले. "हिच्या बाबतीत तुझी इच्छा..."

परत थांबले. लिंडाबाई हळूच पुटपुटल्या, "येस, लॉर्ड."

"हिला..." काकांचा आवाज एकदम बारीक झाला. हेडमास्तरांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "हिला शिकू दे."

"इथं राहून," मनीषा म्हणाली.

तिचे डोळे उघडे होते. हॉलमध्ये तिचे आणि माझेच उघडे होते.

काकांनी मोठा श्वास घेतला. "इथं राहून," ते म्हणाले. "आमेन."

"आमेन!" सगळे म्हणाले. मावशी दाराआडून म्हणाल्या. मीसुद्धा म्हणाले, आता जे काय असेल ते असो.

पाहुण्यांनी डोळे उघडले, कुणी नाक पुसलं, कुणी पाण्याची बाटली उचलली. मनीषा मात्र जागची हलली नाही.

"काका," ती म्हणाली, "बारावीपर्यंत म्हणायचं राहिलं."

"अगं, आमेन झालं आता!"

"मग परत सुरू करा."

लिंडाबाईंनी मला विचारलं, "काय म्हणते ती?"

मी सांगितलं. लिंडाबाईंनी लगेच बाटली खाली ठेवली, हात जोडले आणि डोळे मिटले. एकामागून एक सगळ्यांनीच मिटले.

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत लावला. एकदा मनीषाकडं बघितलं. मग त्यांनीही डोळे मिटले.

"हे दयाळू बापा," ते म्हणाले, "परत मीच आहे."